नाव माहीत नसलेल्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

गेल्या वर्षी १८ पूर्ण झाली आणि बालगृहातून बाहेर पडले, हातात एक बॅग आणि मार्कशीटची फाईल, बास. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यावरही आधार मिळण्याची सोय आहे हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते सरकारी ऑफिसच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका ताईंनी, त्यांचं स्वतःचं काम बाजूला ठेवून त्यांनी माझा अनाथ प्रमाणपत्राचा फॉर्म भरून दिला आणि अनाथांसाठी १% आरक्षण असतं तेही समजावलं. ताई, त्याच प्रमाणपत्रावर मला ॲडमिशन मिळालं हो!

रूम शोधताना जिथे जाईन तिथे एकच, आईवडिलांचं आधार कार्ड आणा. हडपसरच्या एका काकूंनी मात्र काही न विचारता किल्ली दिली आणि पहिल्याच रात्री स्टीलच्या डब्यात पिठलं-भाकरी आणून ठेवली, वर म्हणाल्या, डबा रिकामाच दे गं, घासत बसू नकोस. मी त्या रात्री खूप रडले.

माझ्या मागून बाहेर पडणाऱ्या मुलींना हे सगळं १८ व्हायच्या आधीच कळायला हवं, म्हणून आता मी दर रविवारी त्यांचे फॉर्म भरायला जाते.