गुरुवारचं मी विचारणार नाही

चि. प्रथमेश,
अनेक आशीर्वाद.

ताईवर रागावू नकोस. तिने आपणहून काही सांगितलं नाही, मीच खोदून खोदून विचारलं. तुझा मेसेज आला होता, "झालं भाषण". एवढाच. तुझे मेसेज इतके आखूड कधी नसतात. बोलताना वाचवलेले सगळे शब्द तू लिहिताना खर्च करतोस, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी तिला फोन लावला. लोकांसमोर बोलण्याचा सराव करायच्या त्या टोस्टमास्टर्स क्लबातलं तुझं पहिलंच भाषण, अर्ध्यावर शब्द अडकला, वेळ संपल्याचा लाल दिवा लागला, तू कागदाची घडी घातलीस आणि खाली बसलास. मूल्यमापन सुरू व्हायच्या आतच उठून बाहेर पडलास आणि ती तुझ्या मागोमाग आली.

येत्या गुरुवारी पुन्हा सभा आहे, हेही तिच्याकडूनच कळलं. तू जाणार की नाही ते मी विचारणार नाही. तो तुझा प्रश्न आहे. मला फक्त चार गोष्टी लिहायच्या आहेत, ज्या फोनवर बोलता येत नाहीत. फोनवर तू "हं" म्हणतोस आणि त्या "हं"चा अर्थ मला लागत नाही.

आधी हे लिहिते, नाहीतर राहून जाईल. ताई म्हणाली, तू सुरुवात स्वतःच्या नावाने केलीस. वेळ लागला, पण नाव पूर्ण घेतलंस. तुझं नाव आजोबांनी ठेवलं तेव्हा तुला 'प्र' इतका जड जाईल हे कुणाला माहीत होतं? कॉलेजात पहिल्या दिवशी नाव विचारलं की तू ओळखपत्रच पुढे करायचास. आणि आता अनोळखी माणसांसमोर, कुणी जबरदस्ती केली नसताना, उभं राहून ते नाव घेतलंस. ताईने हे सांगितलं तेव्हा मी फोन बाबांकडे दिला, कारण मला पुढे बोलता येईना.

आता कामाचं. तू सभासद झालास तेव्हाच मी या टोस्टमास्टर्सबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. पहिल्या भाषणाला 4 ते 6 मिनिटं असतात. 4 मिनिटं झाली की हिरवा दिवा, 5 ला पिवळा, 6 ला लाल. बरोबर ना? आणि ताई म्हणते तू 750 शब्द लिहून नेले होतेस. अरे, न अडखळणारा माणूस मिनिटाला साधारण 125 ते 150 शब्द बोलतो. म्हणजे त्यालासुद्धा तुझा कागद संपवायला 5 ते 6 मिनिटं लागली असती, तीही कुठे न थांबता. तू स्वतःला थांबायला जागाच ठेवली नव्हतीस. पिवळा दिवा लागला तेव्हा तुझी अजून दोन पानं बाकी होती. अशा वेळी कुणीही घाईला येईल, आणि घाईत तुझा शब्द जास्त घट्ट अडकतो, हे तर आपल्याला माहीत आहे. अडखळण्याला दोष देण्याआधी त्या कागदाच्या लांबीकडे बघ. 400 शब्द लिही. फार तर 450. मग जिथे अडेल तिथे अडू दे, तुझ्याकडे वेळ असेल.

आणि लाल दिवा लागला म्हणजे तोंड बंद करायचं असं थोडंच आहे? आता शेवटाकडे या, एवढंच तो सांगतो. त्यांच्या स्पर्धेतसुद्धा वर 30 सेकंदांची सवड असते. तुझी तर स्पर्धा नव्हती. एक वाक्य बोलून, आभार मानून बसला असतास तरी भाषण पूर्ण झालं असतं.

दुसरं, तिथे 'अं', 'म्हणजे', 'तर' मोजणारा एक जण असतो. सभेच्या आधी त्याला जाऊन सांग की माझा अक्षर पुन्हा पुन्हा येण्याचा प्रकार वेगळा आहे, ती माझी बोलण्याची लकब नाही, मी अडखळतो. त्याला सांगितलं नाहीस तर तो बिचारा मोजत बसेल आणि तू त्याच्या पेन्सिलीकडे बघत बसशील. खरं तर सगळ्यांनाच सांग. पहिल्याच वाक्यात. "मी अडखळतो, मध्ये थांबेन, पण बोलणं पूर्ण करेन." तुझ्या लहानपणी आपण ज्या स्पीच थेरपिस्ट बाईंकडे जायचो, त्यासुद्धा हेच म्हणायच्या: लपवण्यात निम्मी ताकद जाते. ऐकणाऱ्यालाही बरं पडतं. एकदा कळलं की तो तुझ्या तोंडाकडे बघत बसत नाही, गोष्ट ऐकायला लागतो.

हे सगळं गुरुवारी गेलास तर. नाही गेलास तरी पुढे कधीतरी उपयोगी पडेल.

बघ, आलंच पुन्हा. मी ठरवलं होतं की तो वार लिहायचाच नाही. पण मला झोप लागत नाही ती भाषण अर्ध्यावर राहिलं म्हणून नाही, ते तर पुढच्या वेळी होईल. मला भीती वाटते ती पुढची वेळ न येण्याची. तुला मामाचं माहीत आहे. मामाकडे फोन वाजला की आजही मामी उचलते. त्याला बढती मिळत होती तेव्हा वरिष्ठांसमोर उभं राहून बोलायचं काम त्यात आलं आणि त्याने ती नाकारली. "मला हवीच नव्हती" म्हणतो. एखादी गोष्ट इतक्या वेळा म्हटली की माणसाला स्वतःला खरी वाटू लागते. मामा माझा भाऊ आहे, त्याच्याबद्दल असं लिहिताना मला बरं वाटत नाही. त्याच्यासारखा मनाचा माणूस नाही. पण त्याचं बोलणं कसं कमी कमी होत गेलं ते मी घरात राहून पाहिलं आहे. आधी फोन सोडला. मग लग्नकार्यात पुढे बसणं सोडलं. मग आमच्याशीसुद्धा मान हलवूनच बोलू लागला. एका दिवसात काहीच झालं नाही.

म्हणून तू लहान असताना बसमध्ये काय करायचास ते मला इतकं आठवतं. आपल्या थांब्याचं नाव तोंडातून फुटायचं नाही, म्हणून तू पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचास, त्याचं नाव सोपं होतं, आणि तेवढं अंतर चालत मागे यायचास. मला वाटायचं मित्रांबरोबर रेंगाळतोस. एकदा पावसात चिंब होऊन आलास तेव्हा कळलं. तू म्हणालास, "चालायला मला आवडतं." अगदी मामाचा सूर.

आणि हजेरी! तुमचे ते सर नाव पुकारायचे, तुझ्याकडून "हजर" वेळेवर निघायचं नाही, आणि ते पुढचं नाव घ्यायचे. वर्गात समोर बसलेला मुलगा महिनाभर गैरहजर. तेव्हा तू काय केलंस? मला सांगितलं नाहीस, बाबांना नाही. वहीच्या पानावर सरांना चिठ्ठी लिहिलीस की मी वर्गात असतो, मला 'हजर' म्हणायला वेळ लागतो, तोपर्यंत कृपया थांबावे. 'कृपया थांबावे.' सहावीतलं पोर! सरांनी ती चिठ्ठी मला दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून ते थांबू लागले. माझ्या मनात तुझ्याबद्दल जी खात्री आहे ती त्या चिठ्ठीपासून आहे. तो मुलगा कागद घडी घालून बाहेर पडतो हे मला पटतच नाही. की पटतं आणि म्हणूनच मी इतकं लांबण लावते आहे, कुणास ठाऊक.

लोक तुला "घाबरू नको, श्वास घे, हळू बोल" म्हणतील. क्लबातही कुणी प्रेमाने म्हणेल. त्यांचं मनावर घेऊ नकोस. घाबरट आहेस म्हणून तू अडखळत नाहीस. अडखळणं बहुतेक वेळा मुलांत दुसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान सुरू होतं, तुझं तिसऱ्यात झालं. बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, काहींचं राहतं, आणि राहणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलगे कितीतरी जास्त. घराण्यातून येतं, मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीशी त्याचा संबंध असतो. तुझ्यात ते माझ्या माहेराकडून आलं. भीती नंतर येते, चार जण हसल्यावर. आणि टाळलेला शब्द पुढच्या वेळी आणखी जड होऊन समोर येतो. भीती वाढते ती टाळण्यामुळे. यात मी पुन्हा उपदेश करते आहे. राग आला असेल तर हा परिच्छेद सोडून दे, माफ कर.

तो इंग्लंडचा राजा, सहावा जॉर्ज, तोही अडखळायचा. तू म्हणशील सगळे त्याचंच उदाहरण देतात. पण मला त्यातल्या तारखा महत्त्वाच्या वाटतात. 31 ऑक्टोबर 1925 ला वेम्बलीच्या प्रदर्शनात समारोपाचं भाषण करताना त्याची फार वाईट अवस्था झाली, तेव्हा तो राजा नव्हता, ड्यूक होता. 1926 मध्ये तो बोलण्याचे उपचार करणाऱ्या लायनेल लोग यांच्याकडे जाऊ लागला. आणि ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरलं त्या दिवशीचं रेडिओवरचं भाषण 3 सप्टेंबर 1939 चं. मधली वर्षं मोज. राजवाडा, शिक्षक, सगळं हाताशी असून एवढी वर्षं, आणि तरीही त्याच्या बोलण्यातले थांबे शेवटपर्यंत राहिले. लोक ते थांबे धरून त्याला ऐकत होते. तू एका संध्याकाळवरून निकाल लावून टाकलास.

आणखी एक योगायोग. टोस्टमास्टर्सचे संस्थापक राल्फ स्मेडली यांनी अमेरिकेतल्या सांता आना इथल्या वायएमसीए या संस्थेत क्लबची पहिली सभा घेतली ती 22 ऑक्टोबर 1924 ला. आणि अडखळणाऱ्या माणसांसाठी जगभर जो जागृतीचा दिवस पाळतात, 1998 पासून, तोही 22 ऑक्टोबर. कुणी मुद्दाम जुळवलं असेल असं वाटत नाही, पण मला ते वाचून फार बरं वाटलं. (या क्लबांत 1973 पर्यंत बायकांना सभासद होता येत नव्हतं, हे मात्र वाचून बरं वाटलं नाही. ज्यांना बोलायला जागा मिळत नाही त्यांच्यासाठीच तर अशा जागा हव्यात.)

आता एक काम सांगते, ते मात्र कर. तुझ्या भाषणाचं मूल्यमापन करायला जे कुणी नेमलेले होते, ते समोर बसून टिपणं काढत होते, ताईने पाहिलं. दोन-तीन मिनिटं बोलण्याइतकं त्यांनी तुझ्याबद्दल लिहिलं असणार. तू स्वतः काय ऐकलंस ते तुला माहीत आहे, अडकलेला शब्द आणि शांत झालेली खोली. समोरच्याने काय ऐकलं ते तुला माहीत नाही. तो कागद तुझा आहे. निदान मागून घे. त्यासाठी सभेला बसायलाच हवं असं नाही, फोन कर. नाही, फोन नको वाटत असेल तर मेसेज कर. पण मागून घे.

आणि भाषण आजोबांवर होतं, हे तू मला सांगितलं का नाहीस? ताई म्हणाली, रोज संध्याकाळी तुम्ही दोघं एकाच वेळी मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचात तिथवर तू आला होतास. आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं की दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून वाचलं की अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. थेरपिस्ट बाईंनी नंतर ते समजावलं. आजोबांना ते आपलं आपणच सापडलं होतं, आणि शेवटी शेवटी ते मुद्दाम आवाज हळू हळू उतरवायचे आणि तू एकटाच वाचत राहायचास, तुझ्या लक्षातही यायचं नाही. मी दारातून बघायचे. हे तुझ्या भाषणात होतं का? ताईला माहीत नाही, तोवर लाल दिवा लागला होता.

बाबा म्हणतात की जास्त लिहू नकोस, तो त्याचं बघेल. ते तसं म्हणतात आणि आज सकाळपासून ताईला दोनदा फोन करून "प्रथमेश काही बोलला का?" म्हणून विचारून झालंय.

भाषणाचा तो कागद टाकला नसशील तर उरलेली दोन पानं मला पाठव. 750 चे 400 करताना आजोबांचा भाग कापू नकोस, तुझ्या कॉलेजचा भाग कापलास तरी चालेल. आणि गुरुवारी काय ठरवतोस ते

नाही. ते तू तुझं ठरव.

तुझी,
आई