‘मूळ’ हा शब्द खोड

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

वहीच्या पानाचा फोटो मिळाला. ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला तू ३ पासून ९७ पर्यंतच्या चोवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिलंस, एकानेही भाग गेला नाही आणि खाली ‘मूळ’ असं लिहिलंस. भागाकार सगळे बरोबर आहेत, मी एकेक तपासला. तरी ‘मूळ’ हा शब्द खोड. या संख्येला ६४१ ने भाग जातो.

अशीच समजूत फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचीही झाली होती. २ च्या १, २, ४, ८, १६ या घातांत एकेक मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ येतात आणि पाचही मूळ आहेत. त्यावरून पुढची, म्हणजे २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी तुझी संख्याही मूळच असणार, असं त्याने १६४० मध्ये धरलं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिचे अवयव मांडले: ६४१ × ६७,००,४१७.

वर्गमुळापर्यंत जायचं तर ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतात. इतकं करायची गरजच नाही. समज, एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग त्या संख्येने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि ६४ व्या घाताची १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्या दर ६४ पायऱ्यांनी फिरून येतात, त्याआधी नाही. आणि फर्माचाच एक सिद्धांत सांगतो की हा फेरा त्या मूळ संख्येपेक्षा एकने लहान असलेल्या संख्येत नेमका बसतो. म्हणून विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकने मोठाच हवा. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच काम झालं! हत्यार फर्माच्याच हातात होतं, याची मला अजून चुटपुट लागते.

आता मला सगळ्यात आवडतो तो भाग. यात लांबलचक भागाकार नाही, पेन घेऊन माझ्याबरोबर लिही.

६४१ = ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ × २ चा ७ वा घात. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी −१ धर. ६४० चार वेळा गुणलं की बाकी १ होते, म्हणजे ६२५ × २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे! म्हणून ६२५ च्या जागी −१६ लिही. १६ हा २ चा ४ था घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे २ चा ३२ वा घात घेऊन त्याला उणे चिन्ह लावलं, तर त्याची बाकी १. चिन्ह बदल, −१. त्यात १ मिळव. शून्य.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पान उलटून पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं होतं.

६७,००,४१७ मात्र खरोखरच मूळ आहे. आणि फर्माच्या त्या पाचांनंतर तशी सहावी मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही.

पुढच्या पत्रात मला एवढं लिही: तुझ्या संख्येतून २ वजा केले की ४,२९,४९,६७,२९५ उरतात. ही संख्या म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, त्याच पाच जणी. असं का होतं? दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र पुन्हापुन्हा वापरून बघ.

तुझी,
आई