फोटो रंगवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा

संपादक महोदय,
स. न.

जुन्या कौटुंबिक फोटोंवरून तैलचित्रे करण्याचे काम मी गेली पंचवीस वर्षे करत आहे. अलीकडे माझ्याकडे येणारे बरेचसे कृष्णधवल फोटो मोबाइलमधल्या अ‍ॅपने आधीच रंगवलेले असतात आणि ‘यात दिसतात तेच रंग द्या’ असे सांगितले जाते. ते रंग निव्वळ अंदाजाने भरलेले असतात, हे कळकळीने सांगावेसे वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अंदाजाची चूक माझ्या हातूनही झालेली आहे. १९३०च्या सुमारास स्टुडिओत काढलेल्या माझ्या आजीच्या फोटोत तिचे लुगडे आणि कपाळावरचे कुंकू, दोन्ही काळेशार दिसतात. कुंकू लाल असणार हे कोणी सांगावे लागत नाही. लुगडे मात्र मी चंद्रकळा समजून काळे रंगवले. चित्र पुरे झाल्यावर ऐंशी ओलांडलेली माझी आत्या ते पाहून म्हणाली, “अरे, ही चंद्रकळा नव्हे. आईचं लाल लुगडं हे. याचाच पदर धरून मी देवळात जायचे.” पुढचे दोन दिवस ती माझ्याशेजारी बसून राहिली आणि मी रंग मिसळत असताना ‘अजून गडद’, ‘अजून थोडा’ असे सांगत राहिली.

त्या काळी स्टुडिओंत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर (फिल्मसारख्या वापरल्या जाणाऱ्या, रसायनाचा लेप दिलेल्या काचांवर) लाल प्रकाशाचा जवळजवळ परिणामच होत नसे. म्हणून तर त्या लाल दिव्याच्या उजेडात धुता येत. त्यामुळे लाल रंग फोटोत काळा उतरे, फिका निळा पांढरट दिसे आणि सावळी माणसे होती त्याहून काळी दिसत. त्यावर उपाय म्हणून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे गुळगुळीत करण्याचीही पद्धत होती. हे ठाऊक नसल्याने ‘आजोबांना जरा उजळ करा’ अशी मागणी होते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

जिथे सांगणारे कोणी उरलेले नाही, तिथे रंग न भरणेच मला योग्य वाटते. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी नाझी राजवटीत बळी गेलेल्या आपल्या मावशीचे चित्र १९६५ साली घरच्या फोटोवरून केले, ते राखाडी छटांत आणि मुद्दाम धूसर ठेवूनच.

आमच्या घरच्या एका लग्नाच्या फोटोत आत्याशेजारी नथ घातलेली एक मुलगी उभी आहे. ती कोण, हे विचारायचे राहून गेले आणि आत्याही गेली. म्हणून वाचकांना विनंती आहे की, चित्रकाराकडे येण्याआधी मूळ फोटो घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्यावा, नावे, नाती आणि कपड्यांचे रंग विचारावेत आणि ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवावेत. बॉलपेन वापरू नये. त्याचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उमटतो.

आपला,
एक व्यक्तिचित्रकार, सांगली