वाचनालयातल्या ताईंना, जाहीर आभार

ताई, नमस्कार.

आभारबिभार नकोत आणि नाव तर अजिबात टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंत. नाव नाही टाकत, पण आभार मानणार, तेवढं ऐकणार नाही. आमच्या मालवण तालुक्यात ज्यांना तुम्ही पुस्तकं देता त्यांना कळेलच कुणाबद्दल लिहिलंय.

बहिणीचा मुलगा पावसाळ्यात गेला. त्यावर जास्त नाही लिहीत. त्यानंतर मला रात्रीची झोपच लागायची नाही, आणि भेटायला येणारा जो तो काहीतरी वाचायला देऊन जायचा, सकारात्मक विचार, मनाची ताकद, यशाची सूत्रं. एका काकांनी दिलेल्या पुस्तकात होतं की दुःख हे आपणच निवडतो. अहो काय निवडलं? तापाने फणफणलेलं पोर कोण निवडतं? आणि मी भुताचं वाचायला मागतोय म्हटल्यावर हेच लोक म्हणाले, घरात काय झालंय आणि याला काय सुचतंय. तुला काय वाचायला आवडतं हे मात्र एकानेही विचारलं नाही.

तुम्ही तेवढंच विचारलंत. मी म्हटलं, लहानपणी धारप वाचायचो. तुम्ही काही न बोलता मागच्या कपाटातून नारायण धारप काढलेत, मतकरींच्या गूढकथा काढल्यात, बाइंडिंग सुटलेलं, पानांना डांबरगोळ्यांचा वास, आणि रजिस्टरात सही घेऊन मोकळ्या झालात.

लोकांना वाटतं असलं वाचून माणूस आणखी घाबरतो. माझं उलटं झालं बघा. धारपांच्या गोष्टीत जे वाईट असतं ते एखाद्या वाड्यात असतं, त्याला काहीतरी नियम असतात, आणि त्यांच्याच गोष्टींतल्या समर्थ या पात्रासारखा कोणीतरी येऊन त्याला भिडतो. खऱ्या आयुष्यात ते कुठून आलं तेच कळत नाही, भिडायचं कुणाला? आमची आजी अजून म्हणते, "रातीचा तेचा नाव घेव नको". मी रोज रातीचाच वाचत होतो आणि वाचता वाचता झोपत होतो.

मग तुम्ही वेल्सचं १८९५ सालचं 'टाइम मशीन' दिलंत. त्यात तो माणूस कित्येक युगं पुढे जातो, बघतो तर ओसाड समुद्रकिनारा, लाल सूर्य आणि अवाढव्य खेकडे. म्हटलं जग संपलं तरी कुर्ल्या काय संपायच्या नाहीत! मी मोठ्याने हसलो आणि आई आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

पण हे पत्र खरं तर एका चिठ्ठीसाठी आहे. उर्सुला ले गुइनचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' दिलंत तेव्हा म्हणालात, इंग्रजी सोपं आहे, सगळी बेटं नि होड्या आहेत, तुला जमेल. १९६८ चं पुस्तक, त्यातला मांत्रिक आपल्यासारखा सावळा, आणि त्याला होडी चालवायला शिकवतो तो एक होडी बांधणारा. वाचता वाचता मध्येच जुन्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने तुमचं अक्षर. "इथे एक लहान मूल आजारी आहे. रात्री वाचू नकोस. ही पानं सोडलीस तरी पुढचं कळेल." खाली कुठल्या पानापासून परत सुरू करायचं तो नंबर.

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून झाल्यावर, होड्यांच्या सावलीत बसून वाचलं. त्या होडी बांधणाऱ्याचंच पोर. मांत्रिक त्याच्यामागे पार मेलेल्यांच्या मुलखापर्यंत जातो, एवढा शिकलेला, एवढी ताकद, तरी पोर परत आणता येत नाही, उलट तोच कसाबसा परततो. तेव्हा कुठे मला रडू आलं, सगळं झाल्यापासून पहिल्यांदा. बहिणीला अजून काही सांगितलेलं नाही.

म्हणजे पुस्तक देण्याआधी तुम्ही ते पुन्हा चाळलंत, माझ्या नजरेनं, ते पान कुठे येतं ते बघितलंत. आणि द्यायचंच नाही असं ठरवलं नाहीत, वाचायचं की नाही ते माझ्यावर सोडलंत. एवढा विचार आमच्या नात्यातल्या कुणी केला नाही, आणि ही माणसं वाईट नाहीत हो, फक्त समोरच्याकडे बघायचं राहून जातं त्यांचं. अशी बघणारी माणसं गावात दोन-चार जरी असली ना, तरी गाव चालतं.

तुम्हीच सांगितलं होतंत, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, आपल्या नावाचं वजन पडू नये म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तुमचं नाव का नको ते तेव्हाच कळलं मला.

अर्थसीचा दुसरा भाग मागवलाय म्हणालात, आला की निरोप द्या. चिठ्ठी लावायची असेल तर लावा, नसेल तर राहू दे, आता बघतो मी. आणि माझी वर्गणी थकलीय ती या वेळी घ्यायची, "असू दे रे" चालणार नाही.

तुमचा,
खिडकीजवळच्या बाकावर बसणारा