संज्या, तात्यांना एक फोन कर

शहापूर, बेळगाव

संज्या,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे. वास्तूला आलो नाही, नंतर फोनही नाही. इकडं सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं बोलतो, आमचा कुत्रा टिप्या चिंटूवर गुरगुरला.

चावला नाही हं, नुसता गुरगुरला. हाड चघळत बसला होता आणि चिंटूनं मागनं जाऊन हाडालाच हात घातला. तात्यांनी तिथंच काठी उचलली, आणि आता खानापूरच्या शेतात नेऊन साखळीला बांधायचं ठरवलंय. वाघ्याला नेलं तसंच. म्हणून तुला लिहालोय, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, कुत्रंच की रे ते.

अरे गुरगुरणं म्हणजे त्याचं "लांब हो" म्हणणं. ते मारून बंद केलं तर भीती आत तशीच राहते, आणि पुढच्या खेपेला आवाज न करता थेट दात. हे तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला पण छडीनंच शिकवलंय." माझं गणित आठवून बोलत असतील तर छडीचा काही उपयोग झाला नाही बघ!

मी काय करालोय ऐक. तो जेवत असला की लांबनं जाता जाता उकडलेल्या कलेजीचा तुकडा त्याच्या ताटलीकडं टाकतो आणि न थांबता पुढं चालू पडतो. अंग ताठ झालं, भराभरा गिळायला लागला की समजायचं आपण फार जवळ गेलो, परत लांबनं सुरू. आता मी दिसलो की शेपूट हलवतो, माणूस आला की ताटातलं जात नाही उलट वाढतं हे त्याला पटालंय. हाडही हिसकायचं नाही, कलेजी नाकासमोर धरायची, हाड सोडलं की ती द्यायची आणि जमलं तर हाडसुद्धा परत द्यायचं. चिंटूला यात घेत नाही, टिप्या जेवताना मधलं दार बंद.

सायकलीमागं पळतो म्हणून मधे एक ट्रेनर आणला होता, त्यानं काट्यांचा पट्टा घातला. हिसका दिला की टिप्या गप, तात्या खूश. पट्टा काढला की ये रे माझ्या मागल्या. अर्धा मुधोळ, शिकारी जातीचा तो, पळणारं काही दिसलं की सुटणारच. मी सायकल लांब असतानाच हाक मारतो, माझ्याकडं बघितलं की त्याच क्षणी तुकडा तोंडात. खिसे चाचपत बसलास की तोवर तो भलतंच काहीतरी करत असतो आणि बक्षीस त्यालाच जातं.

पण घरात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, मी बस म्हणतो, चिंटू सिट, शेजारच्या काकू कानडीत कुंडरू, आणि तात्या जे म्हणतात ते लिहीत नाही. शेवटी दारावर कागद चिकटवलाय, सगळ्यांनी फक्त बस म्हणायचं. तात्यांचं पालुपद एकच, मुधोळच्या घोरपडे राजांचं शिकारी कुत्रं, लाडानं ऐकणार नाही. म्हटलं तात्या, २०१६ साली मिलिटरीनं मुधोळचीच पिल्लं मेरठला ट्रेनिंगला नेली, शिकण्यासारखी नसती तर नेली असती काय?

तू हसू नकोस. मुधोळ वाड्यात पाळू नको म्हणून भांडला होतास ते लक्षात आहे, आणि सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळवून आणलं नाही तर संध्याकाळी घर डोक्यावर घेतो हेही खरं. पण टिळकवाडीच्या मॅचमधला रनआउट तुझ्यामुळंच झाला होता, ते मी मरेपर्यंत म्हणणार.

वहिनींना नोकरी लागली म्हणे, मस्त झालं. पोरीची दहावी यंदाच ना? अभ्यासाला बस म्हणून मागं लागू नकोस तिच्या, कलेजीचं बघ काही जमतंय काय.

तर, गणपतीला पाव्हणे यायच्या आत तात्यांना फोन कर. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, का ते देव जाणे. कुत्र्याच्या मानसशास्त्रात शिरू नकोस, चिडतील. नुसतं दिवाळीपर्यंत मुदत माग, फटाक्यांचं मग बघू. आणि रात्री आठनंतर कर, त्याआधी भजनाला गेलेले असतात.

तुझा,
विन्या