थंडी सरताना तळ्यातला रोहू

संपादक महोदय,

थंडी ओसरण्याची वाट पाहत तळ्याकाठी गळ टाकणाऱ्यांसाठी थोडे. रोहू उबदार पाण्याचा मासा. पाणी गार पडले की त्याचे खाणे मंदावते. म्हणून पहाट नको, दुपारचे ऊन गाठा. कणकेची गोळी वाटाण्याएवढीच ठेवा. मोठी असली तर मासा कडा कुरतडून निघून जातो.

साफ करताना कल्ले आणि पोटातला काळा पडदा काढाच. चिखलाचा वास बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळाचा; तो मांसात मुरतो, नुसत्या धुण्याने जात नाही. चिंचेच्या कोळात 15 मिनिटे ठेवले की बराच उतरतो. शेपटीकडे बारीक काटे फार, तो तुकडा लहान मुलांना देऊ नका. आणि नाग नदीत सांडपाणी मिसळते. तिथला मासा कृपया खाऊच नका.

एक वाचक, नागपूर