बॉटम किती ठेवू?

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. बॉटम, म्हणजे पायाशी घेर, सैल करायला पाठवलेल्या चारही पँटी आहेत. याच पँटींचा बॉटम तू दोन वर्षांपूर्वी बारीक करून घेतला होतास. आतलं कापड ठेवू का, असं मी विचारलं तर म्हणालास, कापून टाका. मी कापलं नाही. त्यामुळे आता सैल करता येईल, पण जुन्या शिवणीची रेघ राहील. ती इस्त्रीने जात नाही.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मापांच्या जुन्या वह्या काढून बसलो. आजोबांच्या १९७५ च्या वहीत बॉटम चोवीस, सव्वीस इंच. बेलबॉटमचे दिवस, पोरं चालता चालता रस्ता झाडायची. माझ्या १९९१ च्या वहीत वर प्लेट्स आणि खाली सोळा. २०१५ ला तेरा, पँट चढवायला भिंत धरावी लागायची. आता तू म्हणतोस वीस. दहा वर्षं थांबलास तर आजोबांची वही उघडावी लागेल.

फॅशनवर माझा राग नाही रे, तिच्यावरच आपली चूल पेटली. मीही लग्नात सफारी शिवला होता, त्या साली सगळ्यांचा तोच. खांद्यांवर पट्ट्या, पुढे चार खिसे, आणि आत मी, छाती चौतीस. अल्बम बघ, सफारी आधी दिसतो, नवरदेव शोधावा लागतो.

पण त्याच वह्यांत एका माणसाचं पान कधी बदललेलं नाही. आपले गणिताचे गुरुजी. बॉटम सतरा, आजोबांच्या वहीतही आणि माझ्याही. शर्टाचा खिसा नेहमीपेक्षा इंचभर खोल, कारण मुलांच्या वह्यांवर वाकलं की चष्म्याचं घर बाहेर पडायचं. बाह्या लांब, पण कोपराखाली दोन घड्या ठरलेल्या. घडी घातली की आतली शिवण वर येते, म्हणून ती दुमडून साफ करून घ्यायचे. एकदा मी कंटाळा केला, तर शर्ट परत आणून न बोलता गल्ल्यावर ठेवला. बाजारात ते पाठमोरे असले तरी लांबून ओळखू यायचे. स्टाईल हा शब्द त्यांच्यापुढे काढला असता तर फळ्याकडे वळले असते, पण मला विचारशील तर मी त्यालाच स्टाईल म्हणतो.

तुझ्या जीन्सचंही असंच. अमेरिकेतल्या रिनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, म्हणजे आपल्यातलाच. एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याला नवऱ्यासाठी टिकाऊ पँट शिवायला सांगितली. खिसे कोपऱ्यात फाटतात म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोटे खिळे, ठोकले. पुढे १८७३ मध्ये कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना सोबत घेऊन पेटंट मिळवलं. त्या माणसाने फाटू नये म्हणून डोकं चालवलं आणि तू गुडघ्यावर फाटलेली विकत आणलीस. असो. तुझी आई म्हणते, पत्रात टोमणे नकोत.

आता कामाचं. निळी, काळी आणि राखाडी वीसला करतो. बेतानेच होईल, कापड तेवढंच आहे. तपकिरीला मात्र हात लावत नाही. तिच्या उजव्या खिशाची कड विरली आहे, आसनाजवळ कापड पातळ झालंय. बाकी तिघी कपाटात होत्या, ही तू घातलीस. बाईकवर बसताना आखडत नाही म्हणून, की रंगामुळे? ते कळव. तिच्यावरून नमुन्याचा कागद कापून ठेवतो.

दिवाळीला आलास की आधी दुकानात ये आणि माप दे. वहीत तुझी कंबर अजून एकतीसच आहे.

तुझे,
बाबा